सेलचं तिकीट, रद्द झालेला प्रवास आणि २,१५६ रुपये

सेलमध्ये काढलेलं विमानाचं तिकीट रद्द केलं की एक रुपयाही परत मिळत नाही, असं मला तीन वेगवेगळ्या माणसांनी फोनवर ठामपणे सांगितलं. तिघांचंही चूक होतं. म्हणून हे लिहायला बसले. पावसाळी सेल लागला की आपण रात्री जागून तिकिटं काढतो, पण बेत फिसकटला तर काय करायचं, हे कुणी सांगत नाही.

डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरला घरचं लग्न होतं. ऑगस्टमध्ये पुणे-नागपूर तिकीट १,४९९ रुपयांना दिसलं. सासूबाई, हे, दहा वर्षांचा मुलगा आणि मी. जाऊन-येऊन आठ तिकिटांचे ११,९९२ झाले. आईंना, म्हणजे सासूबाईंना, विमानात बसण्यापेक्षा लोहगाव विमानतळाचं नवं टर्मिनल बघायची उत्सुकता जास्त. ते जुलैतच सुरू झालं होतं. एका बुकिंग साइटवर चौघांची नावं, वयं सगळं भरलं आणि पैसे भरायच्या पानावर आकडा आला १७,७८८.

मी मागे जाऊन एकेक पान पुन्हा वाचलं. आठही सीटा प्रत्येकी २५० रुपयांना आधीच निवडून ठेवलेल्या. चौघांचा विमा प्रत्येकी १९९ रुपयांचा, त्याच्या चौकोनातली खूणही मी केलेली नव्हती. आणि कन्व्हिनियन्स फी, म्हणजे साइटवरून बुकिंग करण्याचे पैसे, माणशी, दर फेरीला ३७५, म्हणजे तब्बल ३,००० रुपये. ही फी शेवटच्या पानापर्यंत कुठेच दिसली नव्हती. न विचारता वस्तू गळ्यात मारणं आणि किंमत हप्त्याहप्त्याने उघड करणं, या दोन्ही गोष्टी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये फसवणुकीचे प्रकार म्हणून नोंदवल्या आहेत. तरी घडलं ते असं. सीटा आणि विमा काढून टाकला. फी काही निघेना. १४,९९२ भरले.

सीटांचं आत्ताच सांगते, नाहीतर राहून जाईल. वेब चेक-इन करताना जणू सगळ्याच सीटांना पैसे पडतात असं वाटतं. ते पान सोडून पुढे गेलं की सीट फुकट मिळते. बारा वर्षांपर्यंतचं मूल असेल आणि तिकीट एकाच पीएनआरवर (विमानकंपनीच्या बुकिंग क्रमांकावर) असेल, तर आई-वडिलांपैकी एकाशेजारी त्याला जागा द्यायला हवी, असं डीजीसीएने, म्हणजे विमानकंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, एप्रिल २०२४ मध्ये कंपन्यांना बजावलं आहे. आमच्या मुलाला वडिलांशेजारची सीट एकही पैसा न देता मिळाली.

भाऊबीजेच्या सकाळी आई न्हाणीघरात घसरल्या. घोट्याचं हाड मोडलं. डॉक्टर म्हणाले, सहा आठवडे पाय टेकवायचा नाही. त्यांच्याजवळ मी राहायचं आणि बापलेकांनी लग्नाला जायचं असं ठरलं. दुसऱ्या दिवशी, ४ नोव्हेंबरला, आईंचं आणि माझं तिकीट रद्द करायला घेतलं. पडद्यावर आलं: परतावा ० रुपये, पुढे जायचं का? मी हो म्हटलं. दुसरं काय करणार होते?

संध्याकाळी पलंगावर बसून आईंनी तिकिटाचा छापील कागद मागितला. त्या तीस वर्षं पोस्टात हिशेब बघायच्या. दुसऱ्या पानावर अगदी बारीक अक्षरांत भाडं आणि शुल्कांचा एक तक्ता होता. भिंग लावून त्यांनी तो वाचला आणि पेन्सिलीने दोन ओळींना गोल केले. यूझर डेव्हलपमेंट फी आणि एव्हिएशन सिक्युरिटी फी. "हे विमानतळाचे पैसे ना? आपण विमानतळावर पाऊलही ठेवणार नाही, मग हे कुणी ठेवून घेतले?" दोघींच्या जाण्यायेण्याची बेरीज २,१५६ रुपये झाली. त्यातलं सुरक्षा शुल्कच दर फेरीला माणशी २०० रुपये.

मी डीजीसीएचा परताव्याबद्दलचा नियम शोधून वाचला. तो सिव्हिल एव्हिएशन रिक्वायरमेंट्स या त्यांच्या नियमावलीत, सेक्शन ३, सिरीज एम, पार्ट २ मध्ये आहे. तिकीट रद्द झालं किंवा प्रवासी आलाच नाही, तरी सरकारी कर आणि यूझर डेव्हलपमेंट फीसारखी विमानतळाची शुल्कं परत करायची. मूळ भाडं परत न मिळणाऱ्या सवलतीच्या तिकिटालाही हे लागू. कॅन्सलेशन चार्ज मूळ भाडं अधिक इंधन अधिभार याच्या वर जाता कामा नये. परताव्यासाठी वेगळी फी घ्यायची नाही. इतकं स्वच्छ लिहिलेलं असताना मला वाटलं, दोन फोनमध्ये काम होईल.

अकरा फोन झाले. बुकिंग साइटवाले म्हणत, एअरलाइनने आम्हाला काही दिलेलंच नाही. एअरलाइनवाले म्हणत, तिकीट एजंटकडून काढलंय, एजंटशी बोला. मी ओट्यावर फोन स्पीकरला लावून ठेवायची, भाजी परतायची, मध्येच आईंना हवं-नको बघायला जायची आणि पळत परत यायची, कारण फोन कट झाला की पुन्हा भाषा निवडण्यापासून सुरुवात. "मॅडम, प्रमोशनल फेअर आहे, नॉन-रिफंडेबल आहे." मी म्हणायची, "भाडं नॉन-रिफंडेबल आहे, मान्य आहे. मी भाडं मागतच नाहीये." तरी पुन्हा तेच वाक्य. एकदा तर एक मुलगा म्हणाला, पैसे नाहीत, पण पुढच्या बुकिंगसाठी क्रेडिट देतो, एका वर्षात वापरा. घेऊ नका. क्रेडिट घ्यायचं की रोख, हे प्रवाशाने ठरवायचं असंही नियमात आहे.

मला सगळ्यात राग आला तो या टोलवाटोलवीचा. कारण त्याचंही उत्तर त्याच नियमात होतं: एजंट हा कंपनीचाच प्रतिनिधी, त्यामुळे परताव्याची जबाबदारी विमानकंपनीची, आणि कामाच्या ३० दिवसांत तो पूर्ण करायचा. हे २०२४ चं सांगतेय. मुदती बदलत असतात, तेव्हा तक्रार लिहिण्याआधी डीजीसीएच्या साइटवरचा ताजा मजकूर वाचा.

मग नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार टाकली. सहाव्या दिवशी ती बंद झाली, आणि शेरा काय, तर एजंटशी संपर्क साधा. त्या रात्री मी जवळजवळ सोडून दिलं होतं. दोन हजारांसाठी किती जीव काढायचा, असं हेही म्हणाले. पण त्या सेलमध्ये तिकिटं काढून न गेलेली आणखी किती माणसं असतील, ते पैसे कुणाकडे राहिले असतील, हे काही डोक्यातून जाईना.

प्रत्येक विमानकंपनीला तक्रारी बघणारा नोडल ऑफिसर आणि त्याच्यावर अपिलाचा अधिकारी नेमावा लागतो, नाव-पत्ता साइटवर द्यावा लागतो. ते पान तळाशी असतं, शोधावं लागतं. नोडल ऑफिसरकडून ठरावीक साच्यातलं उत्तर आलं. अपिलाच्या पत्रात मी गोष्ट सांगितलीच नाही. सहा ओळी लिहिल्या: सहा अक्षरांचा पीएनआर, रद्द केल्याची तारीख, दोन शुल्कांची रक्कम, नियमातलं वाक्य जसंच्या तसं, एजंटबद्दलचं वाक्य, आणि तक्त्याचा फोटो. आईंच्या पेन्सिलीच्या गोलांसकट. बुकिंग साइटचा लांबलचक नंबर कंपनीला काही उपयोगाचा नसतो, पीएनआरच लागतो. माझे पहिले तीन फोन त्यातच गेले होते.

सेलमध्ये तिकीट काढल्यावर त्याच रात्री शुल्कांचा तो तक्ता बघा. तेव्हाच्या नियमाप्रमाणे प्रवासाला सात दिवस किंवा जास्त असतील, तर बुकिंगपासून २४ तासांत फुकट रद्द करता यायचं. आणि चेक-इन बॅगेचं नीट वाचा. साधारण १५ किलो मिळतात, पण काही स्वस्त तिकिटं बॅगेविनाच विकली जातात आणि विमानतळावर त्याचे भरपूर पैसे पडतात.

२३ डिसेंबरला दुपारी बँकेचा मेसेज आला, २,१५६ जमा. सुट्ट्या वगळून ३० दिवसांची मुदतही तोवर उलटली होती. आईंचं प्लॅस्टर निघून आठवडा झाला होता. मी मेसेज दाखवला. त्या वॉकर धरून टेबलापर्यंत आल्या, हिशेबाच्या वहीत 'येणे' खाली लिहिलेली ती रक्कम त्यांनी खोडली. तिच्याखालची ओळ होती कन्व्हिनियन्स फी, चार तिकिटांचे १,५००. ती तशीच ठेवली.