कर्जाचे नवे-जुने आणि श्रीलंका

जिल्हा बँकेच्या शाखेत मी कर्ज विभागात होतो, तेव्हा मार्च महिना उजाडला की एक ठरलेली धावपळ सुरू होत असे. सोसायटीचे पीककर्ज ३१ मार्चच्या आत भरले नाही तर सभासद थकबाकीदार ठरतो आणि व्याजाची सवलतही जाते. म्हणून अनेक शेतकरी चार-आठ दिवसांसाठी सावकाराकडून किंवा आडत्याकडून पैसे उचलून कर्ज भरत आणि एप्रिलमध्ये नवे कर्ज हातात पडले की ते परत करत. यालाच आपल्याकडे 'नवे-जुने करणे' म्हणतात. कागदावर वसुली पूर्ण दिसते, प्रत्यक्षात मुद्दल तसूभरही हललेले नसते, आणि मधल्या आठवड्याचे जबर व्याज मात्र शेतकऱ्याच्या खिशातून गेलेले असते. २०२२ साली श्रीलंकेच्या बातम्या वाचताना मला सारखा हा शब्द आठवत होता.

श्रीलंका चिनी कर्जामुळे बुडाली, असे आपल्याकडे सर्रास सांगितले जाते आणि पुरावा म्हणून हंबनटोटा बंदराचे नाव घेतले जाते. हे बंदर २०१७ मध्ये ११२ कोटी डॉलरच्या बदल्यात ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने चिनी कंपनीकडे गेले हे खरे आहे. परंतु ती रक्कम बंदराचे कर्ज मिटवण्यासाठी न वापरता परकीय चलनाच्या गंगाजळीत भर घालण्यासाठी वापरली गेली, कारण दुसरीकडे डॉलरमधील देणी डोक्यावर येऊन ठेपली होती. ही देणी प्रामुख्याने आंतरराष्ट्रीय रोख्यांची, म्हणजे परदेशी गुंतवणूकदारांना विकलेल्या कर्जपत्रांची होती. देशाचे दरडोई उत्पन्न वाढत गेले तशी सवलतीची कर्जे आटली, आणि २००७ पासून सरकारने परदेशी बाजारात रोखे विकून पैसा उभारण्यास सुरुवात केली. संकट आले तेव्हा परकीय कर्जाचा एक तृतीयांशाहून अधिक हिस्सा अशा रोख्यांचा होता. २०१९ मध्ये काढलेल्या दहा वर्षांच्या रोख्यांवर साडेसात टक्क्यांहून अधिक व्याज होते, आणि ते डॉलरमध्ये द्यायचे होते. शिवाय अशा रोख्याचे मुद्दल हप्त्याहप्त्याने फिटत नाही, ते मुदतीच्या दिवशी एकरकमी द्यावे लागते, आणि ते देण्यासाठी बहुधा नवा रोखाच विकावा लागतो. बाजार खुला आहे तोवर नवे-जुने बिनबोभाट चालते.

२०१९ च्या अखेरीस नव्या सरकारने मूल्यवर्धित कर १५ वरून ८ टक्क्यांवर आणला आणि इतरही करांत मोठी सूट दिली. त्या वर्षी ईस्टरच्या दिवशी झालेल्या बॉम्बस्फोटांनी पर्यटन आधीच खिळखिळे केले होते. पाठोपाठ करोना आला. महसूल आटला, २०२० मध्ये पतमानांकन, म्हणजे कर्जफेडीच्या विश्वासार्हतेचा दर्जा, घसरले आणि नवे रोखे विकण्याचा मार्ग बंद झाला. माझ्या मते देणी थांबवून धनकोंशी बोलणी सुरू करण्याची वेळ तीच होती.

तसे झाले नाही. २०१९ च्या अखेरीस सुमारे ७६० कोटी डॉलर असलेली गंगाजळी देणी भागवण्यासाठी उपसली जाऊ लागली. श्रीलंकेचा रुपया डॉलरमागे २०० च्या आसपास रोखून धरण्यात आला; परिणामी आखाती देशांत राबणारे श्रीलंकन कामगार बँकेऐवजी हवालामार्गे घरी पैसे पाठवू लागले, कारण तिथे भाव अधिक मिळत होता. २०२० मध्ये अधिकृत मार्गाने सुमारे ७१० कोटी डॉलर आले होते, ते पुढच्या वर्षी ५५० कोटींवर घसरले. २०२१ मध्ये रासायनिक खतांच्या आयातीवर एकाएकी बंदी घातली गेली. ती काही महिन्यांतच मागे घ्यावी लागली, पण तोवर भाताचा हंगाम हातचा गेला आणि ज्या देशाला तांदूळ बाहेरून आणण्याची फारशी गरज पडत नसे त्याला तो डॉलर मोजून आणावा लागला.

या सगळ्यात मला एक तारीख विसरता येत नाही. १८ जानेवारी २०२२ रोजी श्रीलंकेने मुदत संपलेल्या एका रोख्याचे ५० कोटी डॉलर रोखेधारकांना चुकते केले. हे पैसे औषधे आणि इंधन यांसाठी राखून ठेवा, असे देशातील अर्थतज्ज्ञ जाहीरपणे सांगत होते. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, १२ एप्रिलला, परकीय कर्जफेड थांबवत असल्याची घोषणा झाली. स्वातंत्र्यानंतर असे प्रथमच घडले. मे महिन्यात प्रत्यक्ष वापरता येईल अशी गंगाजळी पाच कोटी डॉलरही उरलेली नव्हती. म्हणजे जानेवारीत दिलेल्या त्या रकमेने देशाची पत वाचली नाही, केवळ तीन महिने पुढे ढकलले गेले, आणि ते तीन महिने लोकांच्या वाट्याला इंधनाच्या रांगा, तासन्‌तास वीजकपात आणि कागदाअभावी पुढे ढकललेल्या शालेय परीक्षा होऊन आले. रांगेत उभ्या असलेल्या वृद्धांचे मृत्यू झाल्याच्या बातम्या मार्चमधल्याच आहेत. सप्टेंबरपर्यंत महागाईचा दर ७० टक्क्यांना भिडला. जागतिक बँकेच्या अंदाजानुसार दारिद्र्यातील लोकांचे प्रमाण एका वर्षात जवळपास दुप्पट होऊन २५ टक्क्यांवर गेले. जुलैमध्ये राष्ट्राध्यक्षांना देश सोडून पळावे लागले.

१९९१ मध्ये आपल्यावरही अशी वेळ आली होती. रिझर्व्ह बँकेचे सुमारे ४७ टन सोने परदेशात गहाण ठेवले गेले, तेव्हा घराघरांत त्याची लाज वाटली होती. पण देणे थकण्यापूर्वीच सरकार आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडे (आयएमएफ) गेले होते आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यातच रुपयाचे अवमूल्यनही झाले. ती लाज वेळेवर पत्करली गेली, याचे मोल मला श्रीलंकेकडे पाहिल्यावर अधिक कळले.

मार्च २०२३ मध्ये नाणेनिधीने श्रीलंकेला सुमारे ३०० कोटी डॉलरचे साहाय्य मंजूर केले. हा त्या देशाचा नाणेनिधीकडून घेतलेला सतरावा मदत कार्यक्रम होता. त्यानंतर तोटा कोणी सोसायचा हा प्रश्न उरला. १ जुलै २०२३ रोजी संसदेने देशांतर्गत कर्जाच्या पुनर्गठनाला, म्हणजे त्याच्या अटी नव्याने ठरवण्याला, मंजुरी दिली. त्यात बँकांकडील सरकारी रोखे वगळले गेले आणि भार मुख्यतः कर्मचारी भविष्य निर्वाह निधीवर पडला. चहाच्या मळ्यांत पाने खुडणाऱ्या आणि कपड्यांच्या कारखान्यांत शिवणयंत्रावर बसणाऱ्या बायकांची म्हातारपणची पुंजी या निधीत आहे. वस्तूंचे भाव वर्षभरात पन्नास टक्क्यांहून अधिक वाढले त्या २०२२ साली या पुंजीवर ९ टक्के व्याज मिळाले होते. आता निधीकडील जुने रोखे लांब मुदतीच्या नव्या रोख्यांत बदलण्यात आले, ज्यांवर २०२५ पर्यंत १२ आणि पुढे पुन्हा ९ टक्के व्याज आहे. परदेशी रोखेधारकांशी तडजोड व्हायला डिसेंबर २०२४ उजाडला. त्यांनी मुद्दलावर २७ टक्के सूट दिली, मात्र अर्थव्यवस्था अपेक्षेपेक्षा अधिक वाढल्यास त्यांना मिळणारी रक्कमही वाढेल, अशी अट करारात घालून घेतली. मळ्यातल्या बाईच्या खात्यासाठी अशी अट कोणी मागितली नाही.