दोष नसलेलं धरण

पावसाळ्यापूर्वीच्या पाहणीत माती धरणाचं काय बघायचं ते ठरलेलं असतं. माथा खचलाय का, पाण्याकडच्या उतारावरचं पिचिंग, म्हणजे दगडांचं अस्तर, सरकलंय का, मागच्या उतारावर बाभळी किती माजल्यात, घुशींची बिळं. माझा जास्त वेळ जातो पायथ्याच्या नालीत. माती धरण पाझरणारच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पाझराचं पाणी काचेच्या ग्लासात धरून उन्हात बघायचं. गढूळ दिसलं तर आतली माती वाहून येतेय, आणि मग झोप उडते. इथलं पाणी नितळ होतं, पाझर मोजायच्या व्ही-नॉचवरची (व्ही आकाराच्या खाचेवरची) धारही गेल्या वर्षाएवढीच. बारा मीटर उंची, साठा जेमतेम दोन दलघमी (दशलक्ष घनमीटर). धरण ठणठणीत.

मग सांडव्याच्या पुच्छ कालव्याने, म्हणजे सांडव्यावरून पडलेलं पाणी नाल्याकडे नेणाऱ्या चराने, खाली चालत गेलो. हे सहसा कोणी करत नाही. जीप माथ्यावर उभी असते आणि जेवायची वेळ झालेली असते. जुन्या अहवालात ‘अधोबाजूस शेतजमीन’ असं आहे आणि दरवर्षी तेच वाक्य उतरवलं जातं. प्रत्यक्षात नाल्याच्या दोन्ही काठांना प्लॉट पडलेत, पत्र्याच्या खोल्या, एक निवासी शाळा. शाळेकडे जायला पुच्छ कालव्यातच भराव टाकून रस्ता केलाय, खाली दोन सिमेंटचे पाइप. टेप लावली: व्यास ९०० मिलिमीटर. वर पाणी सांडतं ती सांडव्याची लांबी चाळीस मीटर!

पाहणीच्या फॉर्मवर धरणाचा धोक्याचा वर्ग लिहायचा असतो. तो धरण किती मजबूत आहे यावर ठरत नाही. ते फुटलं तर खाली कोण सापडेल, यावर ठरतो. २ जुलै २०१९ च्या रात्री रत्नागिरी जिल्ह्यातलं तिवरे धरण फुटलं तेव्हा खाली भेंदवाडी ही वस्ती होती. नंतर चर्चा रंगली ती खेकड्यांनी धरण पोखरलं का याची.

मी फॉर्मवर ‘उच्च’ लिहिलं. साहेब म्हणाले, “अहो, धरणाला काय झालंय? चांगल्या धरणाला कशाला डाग लावता?” त्यांची अडचण मला कळते. आयएस ११२२३ या भारतीय मानकाप्रमाणे एवढ्या लहान धरणाचा सांडवा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुरासाठी आखतात. खाली वस्ती असेल तर त्याहून मोठा पूर धरावा लागतो. म्हणजे सांडवा रुंद करा, भूसंपादन करा, निधी मागा. शिवाय माती धरणाच्या माथ्यावरून पाणी गेलं की ते फार वेळ तग धरत नाही, हे साहेबांनीच मला शिकवलंय.

प्लॉटवाल्याचं म्हणणं आणखी सोपं: “इतकी वर्षं कुठं फुटलंय?” त्याला एनए (बिगरशेती) परवानगी देणाऱ्याने वर धरण आहे हे बघितलं होतं का, हे मी विचारलं नाही. उत्तर माहीत होतं.

आपत्कालीन कृती आराखडा काढला तर त्यात सरपंचांचा नंबर मागच्याच्या मागच्या सरपंचांचा. शाळेचं नावच नाही. वसतिगृहाच्या अधीक्षकांचा नंबर मी स्वतः जाऊन आणला आणि पेनाने लिहिला. सुधारित आराखडा मंजूर व्हायला वेळ लागेल.

फाइल वरून शेरा घेऊन परत आली आहे: ‘वर्गवारी वाढवण्यास कारण ठरलेला धरणातील दोष नमूद करावा.’ मी ‘निरंक’ लिहून, दोन पाइपांचे फोटो आणि शाळेच्या पटाची प्रत जोडून पुन्हा पाठवली. पाइप काढण्याचं पत्र वेगळं दिलंय. रस्ता कोणाच्या ताब्यात आहे यावर सध्या दोन खात्यांचा पत्रव्यवहार चालू आहे.