शिपली स्ट्रीटवरचं लोखंडाचं दुकान

अमेरिकेतल्या गुलामांना पळून जायला मदत करणाऱ्या ‘अंडरग्राउंड रेलरोड’चा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो. विल्मिंग्टनच्या थॉमस गॅरेटने सुमारे २,७०० माणसांना गुलामीतून पार नेलं. गावाला ते ठाऊक होतं, पोलिसांनाही ठाऊक होतं. मग हा माणूस तुरुंगात कसा गेला नाही? तुम्हीही तेच विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आधी त्या रेल्वेचं बघू. नाव ऐकून रूळ आणि बोगदे डोळ्यांसमोर येतात, पण ती होती माणसांची साखळी: कुणी वाट दाखवायचं, कुणी रात्रीपुरतं ठेवून घ्यायचं, कुणी गाडी जोडून द्यायचं. गॅरेट या साखळीतला एक दुवा. जन्म १७८९, पेनसिल्व्हेनियातल्या अपर डार्बीचा. १८२२ मध्ये तो डेलावेअर राज्यातल्या विल्मिंग्टनला आला आणि शिपली स्ट्रीटवर लोखंडाचा व्यापार करू लागला. डेलावेअरमध्ये गुलामी कायदेशीर होती, शेजारच्या पेनसिल्व्हेनियात नव्हती, आणि विल्मिंग्टनहून ती हद्द सात-आठ मैलांवर. मेरीलँडहून अन्नपाण्यावाचून चालत आलेल्या माणसाचे पाय नेमके इथे येऊन बसायचे. ते शेवटचे सात-आठ मैल पार करून देणं, हे गॅरेटचं काम.

डेलावेअर हे विचित्र राज्य होतं. १८६० च्या जनगणनेत तिथे गुलाम होते १,७९८ आणि स्वतंत्र काळी माणसं जवळपास वीस हजार. रस्त्यावर दिसणारा बहुतेक काळा माणूस स्वतंत्रच असायचा. १८४० मध्ये तिथल्या कोर्टाने तर म्हटलं, की उलट पुरावा नसेल तर काळा माणूस स्वतंत्रच धरायचा. अशा गावात पळून आलेला माणूस गर्दीत खपून जातो, फक्त तो पळून आलेला दिसता कामा नये. गॅरेटच्या साऱ्या युक्त्या त्यासाठीच होत्या.

हद्दीपलीकडच्या, पेनसिल्व्हेनियातल्या चेस्टर काउंटीच्या जुन्या मंडळींनी त्या सांगून ठेवल्यात. आलेल्या माणसाच्या हातात विळा, कुदळ नाहीतर दाताळं द्यायचं आणि भर सकाळी गावातून चालत पाठवायचं. कामावर निघालेल्या गड्याकडे कोण बघतो? गावाबाहेर ठरलेल्या पुलाखाली अवजार ठेवायचं, ते नंतर परत यायचं आणि पुढच्या माणसाच्या हाती जायचं. बाई असेल तर बायकोचा, म्हणजे रेचलचा झगा आणि क्वेकर बायकांचं (गॅरेट याच ख्रिस्ती पंथाचा) ते खोल बॉनेट, म्हणजे टोपी, घालून, गॅरेटच्या हातात हात देऊन समोरच्या दाराने बाहेर. त्या टोपीत चेहरा बाजूने दिसतच नाही.

पुढचं घर होतं आयझॅक आणि डायना मेंडेनहॉल यांचं, हद्दीपलीकडे, विल्मिंग्टनहून दहा मैलांवर. वाचता न येणाऱ्या माणसाला पत्ता काय सांगणार? तर ‘दगडी फाटकाचा खांब लागेपर्यंत चालत राहा, तिथे आत वळा.’ सोबत कधी चिठ्ठी: काळ्या लोकरीचे तीन गठ्ठे पाठवतोय. व्यापाऱ्याची चिठ्ठी, कुणाच्या हाती पडली तरी बिघडत नाही.

अडचणीची खरी जागा अलीकडे होती, ख्रिस्तिना नदीचा पूल. दक्षिणेकडून येणाऱ्याला गावात शिरायला तोच ओलांडावा लागायचा. स्वतः गुलामीतून पळालेली आणि पुन्हा पुन्हा जाऊन इतरांना घेऊन येणारी हॅरिएट टबमन १८५६ च्या नोव्हेंबरात आली तेव्हा तिच्याबरोबर जो बेली हा पळालेला गुलाम होता. त्याच्या डोक्यावर १,५०० डॉलरचं इनाम होतं आणि पुलावर पहारा. नदीपलीकडे काळ्या वस्तीतल्या घरांत सगळ्यांना विखरून ठेवलं आणि गॅरेटला निरोप गेला. त्याने गवंड्यांच्या दोन गाड्या दक्षिणेकडे पाठवल्या. गवंडी गात, ओरडत पूल ओलांडून गेले. पहारेकऱ्यांनी पाहिलं, ओळखीचे गडी, कामावर चाललेत. रात्री त्याच गाड्या, तशाच गात परत आल्या. तळाशी माणसं पालथी झोपवलेली होती. सकाळचं जाणं महत्त्वाचं: परतणाऱ्या गाडीबद्दल कुणाला काही विचारावंसं वाटत नाही, कारण ती जाताना पाहिलेली असते.

पैशांचा हिशेबही बघण्यासारखा आहे. २९ डिसेंबर १८५४ च्या पत्रात गॅरेट फिलाडेल्फियाचे गुलामीविरोधी कार्यकर्ते मॅकिम यांना कळवतो: काल रात्री हॅरिएटला सहा पुरुष आणि एका बाईसह हद्दीपलीकडच्या अ‍ॅलन अ‍ॅग्न्यूकडे रवाना केलं. तिचे आणि एका पुरुषाचे बूट पायातच झिजून गेले होते, म्हणून दोन डॉलर दिले आणि माझ्या खर्चाने गाडी करायला सांगितली. डिसेंबर संपत आलेला, नाताळात मजुरांना सुट्टी असे, म्हणून निघायला तोच काळ बरा. पण थंडीही तेव्हाचीच. बूट गेला की माणूस गेला. आणखी एकदा हॅरिएट दुकानात येऊन म्हणाली, देवाने सांगितलंय तुमच्याकडे माझे पैसे आहेत. किती हवेत? साधारण तेवीस डॉलर. गॅरेटकडे स्कॉटलंडच्या गुलामीविरोधी कार्यकर्त्या एलायझा विगम यांच्यामार्फत आलेले पाच पौंड होते, त्यांचे झाले चोवीस डॉलर आणि वर काही सेंट. तेच त्याने दिले.

शनिवारी रात्री निघण्याची हॅरिएटची पद्धतही अशीच व्यवहारी. रविवारी कामाला सुट्टी, आणि पळालेल्याची जाहिरात सोमवारच्या आधी छापून येत नसे.

आता तुमचा मूळ प्रश्न. १८४५ च्या डिसेंबरात सॅम्युअल हॉकिन्स हा स्वतंत्र काळा माणूस बायको एमेलीन आणि सहा मुलांना घेऊन मेरीलँडहून बर्फातून निघाला. मिडलटाउनजवळ जॉन हन या तरुण क्वेकर शेतकऱ्याकडे त्यांना आसरा मिळाला, पण सुगावा लागून सगळे न्यू कॅसलच्या तुरुंगात गेले. गॅरेट तिथे पोचला. अटकेच्या आदेशातच खोट होती, न्यायाधीश बूथ यांनी सगळ्यांना सोडून दिलं. गॅरेटने लगोलग गाडी ठरवून बायको-मुलांना विल्मिंग्टनला आणि पुढे हद्दीपार पाठवलं. बायको-मुलं आपले गुलाम म्हणणाऱ्या मालकांनी गॅरेट आणि हनवर दावे लावले. १८४८ मध्ये न्यू कॅसलच्या कोर्टात ते चालले तेव्हा खुर्चीवर होते सरन्यायाधीश रॉजर टॅनी. काळ्या माणसाला अमेरिकेचं नागरिकत्व नाही असा ड्रेड स्कॉट खटल्याचा निकाल पुढे १८५७ मध्ये त्यांनीच लिहिला.

इथे कायदा नीट वाचावा लागतो. दावे होते १७९३ च्या कायद्याखालचे. पळालेल्याला लपवणाऱ्याने ५०० डॉलर भरायचे आणि ते मालकाने वसूल करायचे, उधारीच्या दाव्यासारखे, नुकसानभरपाई वेगळी. तुरुंगाची तरतूदच त्यात नव्हती. सहा महिन्यांपर्यंत कैद आणि हजार डॉलरपर्यंत दंड आला तो १८५० च्या कायद्याने, म्हणजे दोन वर्षांनी. गॅरेटवरच्या रकमेचा आकडा निरनिराळा छापलेला दिसतो, पाच हजार डॉलरच्या आसपास. शेवटी तडजोड झाली १,५०० वर. भांडीकुंडी लिलावात गेली, तो भिकेला लागला, ही गोष्ट फार रंगवून सांगतात. दुकान चालू राहिलं. आपण हे काम थांबवणार नाही, असं त्याने तिथेच सगळ्यांसमोर सांगितलं. 

सगळे क्वेकर मात्र गॅरेटसारखे नव्हते, हेही सांगायला हवं. फिलाडेल्फियाच्या क्वेकरांनी १७७६ मध्ये गुलाम बाळगणाऱ्यांना संघाबाहेर काढायचं ठरवलं, ते खरंच. त्यांच्याच प्रार्थनागृहांत काळ्यांसाठी वेगळा बाक होता, हेही खरंच. पळून आलेल्याला मदत म्हणजे कायदेभंग, तो नको, असं म्हणणारे पुष्कळ होते. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ ज्या अमेरिकी लोकांना अर्पण केलं, त्यांत गॅरेटसारखे धरायचे. अख्खा पंथ धरला तर चुकेल.

आणि गॅरेटला जे निभावलं ते गोरेपणामुळे आणि पैशांमुळे. हॉकिन्स कुटुंबाला हनच्या शेतापर्यंत आणणारा वाटाड्या होता सॅम्युअल बरिस, डेलावेअरचाच स्वतंत्र काळा माणूस. तो १८४७ मध्ये दुसऱ्या एका बाईला मदत करताना सापडला. त्याच्यावर फौजदारी खटला. महिनोन्‌महिने डोव्हरच्या तुरुंगात, आणि शिक्षा काय, तर विक्री. स्वतंत्र माणूस लिलावाला उभा केला. विल्मिंग्टनच्या मंडळींनी पैसे जमवून आयझॅक फ्लिंट नावाच्या आपल्या माणसाला गिऱ्हाईक म्हणून पाठवलं. फ्लिंटने दलालांसारखेच त्याचे हातपाय चाचपले, बोली लावली, विकत घेतला आणि मग हळूच त्याच्या कानात सांगितलं, तुला आपल्याच लोकांच्या पैशांनी घेतलंय. तोवर बरिसला कल्पना नव्हती. दलालांना संशय येऊ नये म्हणून त्यालाही अंधारात ठेवलं होतं.

ज्यांच्या नावाने कुठे पुतळा नाही असे जोसेफ वॉकर, कॉमेगिस मनसन, सेव्हर्न जॉन्सन हे विल्मिंग्टनचे काळे गडीच रात्रीबेरात्री माणसांना घेऊन हद्दीपर्यंत जात. दार गॅरेटचं, चाल यांची. १८७१ च्या जानेवारीत गॅरेट गेला तेव्हा त्याची शवपेटी फोर्थ आणि वेस्ट स्ट्रीटच्या कोपऱ्यावरच्या प्रार्थनागृहापर्यंत काळ्या लोकांनी खांद्यावरून नेली. डेलावेअरने मात्र गुलामी रद्द करणाऱ्या तेराव्या घटनादुरुस्तीला मंजुरी द्यायला १९०१ उजाडवलं.

बरिसला राज्यपालांनी माफी दिली ती २०१५ मध्ये. गॅरेटला अशी माफी कुणी दिलेली नाही, कारण द्यायला त्याच्या नावावर गुन्हाच नव्हता. होता तो दिवाणी दावा, १,५०० डॉलरला मिटलेला.