३५० वा शिवराज्याभिषेक सोहळा: तालमीच्या पोरांना घेऊन रायगड

२०२३ च्या ६ जूनला आमच्या कोल्हापूरच्या तालमीची पोरं मर्दानी खेळ (लाठी, दांडपट्ट्याचे जुने युद्धखेळ) करायला रायगडावर गेली, मी सोबत होतो, म्हणून जाणाऱ्यांसाठी लिहितोय. पहिली गोष्ट, ५ तारखेलाच गड चढा. गाड्या लांब पार्किंगला लावून पुढे एसटीनं गडाच्या पायथ्याच्या पाचाडला जावं लागतं, त्यात बराच वेळ जातो आणि रोपवेला तर मरणाची रांग असते. आम्ही चित दरवाजानं पायऱ्यांनीच निघालो. दांडपट्टे, ढाली गोधडीत गुंडाळून खांद्यावर, हलगी-घुमकं वेगळं, आणि वस्ताद सगळ्यात मागे, म्हणजे कुणी दमून मागे राहिलं तर दिसतं. जूनचा दमटपणा असा की महादरवाजापर्यंत सगळे घामानं चिंब, पण खालून वरून नुसता "जय भवानी, जय शिवाजी" चालू, त्यामुळे बसावंसं कुणाला वाटलंच नाही!

रात्री शिर्काई देवीचा गोंधळ झाला, झोप कसली, होळीच्या माळावर धुक्यात सतरंज्या टाकून पडलो. पाणी आणि एक जाड चादर घ्याच, वर गार वारं सुटतं.

सकाळी नगारखान्यापाशी ध्वज चढला, मग राजसदरेवर महाराजांच्या मूर्तीला अभिषेक. ६ जून १६७४ ला, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला, गागाभट्टांनी जिथं राज्याभिषेक केला तीच जागा ही. राजसभेची रचना अशी आहे की सिंहासनाजवळ हळू बोललेलं नगारखान्याजवळ ऐकू येतं म्हणतात, त्या दिवशी मात्र हलग्यांशिवाय काही ऐकू येणं शक्य नव्हतं. आमच्यातल्या आठवीतल्या पोरीनं दांडपट्टा फिरवत जमिनीवर ठेवलेली लिंबं एकेक करून कापली, दोन्ही पट्टे चालू आणि नजर लिंबावरून हलत नाही, शेजारचे लातूरकडचे काका पुढे येऊन तिच्या पाया पडायला लागले, वस्तादांनी कसंबसं धरलं त्यांना. मला तर रडूच आलं. पोरींना तालमीत घ्यायला आधी घरातून विरोध होता, आता त्याच घरातली माणसं फेटे बांधून समोर उभी होती.

नंतर पालखी जगदीश्वराच्या मंदिराकडे आणि महाराजांच्या समाधीपाशी जाते, तिथं रेटारेटी होते, लहान पोरं कडेनं न्या. उतरल्यावर पाचाडला जिजाऊंच्या समाधीवर गेलो. राज्याभिषेकानंतर अकराच दिवसांनी, १७ जूनला, आऊसाहेब गेल्या, लेकाला छत्रपती झालेलं बघून. तिथंही पोरींनी लाठीची एक फेरी केली आणि मग एसटीच्या रांगेत उभे राहिलो.