हिराकस आणि पिवळं पाणी

अंबड एमआयडीसीतल्या एका प्लेटिंगवाल्याकडची गोष्ट, ऐन पावसाळ्यातली. क्रोमच्या धुण्याच्या पाण्याची २००० लिटरची टाकी ट्रीट झालेली, गाळ खाली बसलेला, पण वरचं पाणी पिवळं.

"मॅडम, लोखंडाचा रंग आहे तो," ऑपरेटर म्हणाला. "मेटा संपलं, म्हणून हिराकस टाकला. रोजच्या दुप्पट, दीड किलो."

मेटा म्हणजे सोडियम मेटाबायसल्फाइट, हिराकस म्हणजे फेरस सल्फेट; दोन्ही पाण्यातल्या विषारी हेक्साव्हॅलंट (सहाच्या) क्रोमला तीनवर आणतात, मग तो गाळ होऊन बसतो. हे होताना हिराकसमधलं फेरस लोखंड फेरिक होतं. कॉस्टिक, म्हणजे अल्कली, टाकून पीएच साडेआठवर नेल्यावर फेरिक लोखंड पाण्यात राहत नाही, तपकिरी चिखल होऊन बसतं. वर नितळ पिवळं दिसलं तर ते क्रोमेटच, म्हणजे न बदललेला हेक्साव्हॅलंट क्रोम. नमुना गाळून आम्ल केला, हेक्साव्हॅलंट क्रोम असेल तर जांभळं होणारं डायफिनाइलकार्बाझाइड टाकलं. गडद जांभळा. हेक्साव्हॅलंट क्रोमची मर्यादा लिटरला ०.१ मिलिग्रॅम, इथे शंभरपट पातळ करूनही रंग दिसत होता.

फळ्यावर लिहिलेलं, 'क्रोम टाकी ७१० ग्रॅम'. कशाचे, ते नाही! आकडा बरोबर होता, पण मेटाबायसल्फाइटचा. धुण्याच्या पाण्यात मुळात क्रोम लिटरला १३० मिलिग्रॅम, म्हणजे टाकीत २६० ग्रॅम, ५ मोल. समीकरणात ४ मोल क्रोमिक आम्लाला ३ मोल मेटा लागतं, म्हणून ३.७५ मोल गुणिले १९०, सुमारे ७१२ ग्रॅम. हिराकसचं गणितच निराळं. क्रोमला सहावरून तीनवर यायला तीन इलेक्ट्रॉन हवेत; मेटाचा एक मोल चार देतो, फेरसचा एकच. म्हणजे १५ मोल, आणि स्फटिकातल्या सात पाण्यांसकट मोलचं वजन २७८: ४.१७ किलो. दुप्पट म्हणून टाकलेला दीड किलो जेमतेम तिसरा हिस्सा होता.

उरलेला २.६७ किलो टाकला. मेटाला पीएच अडीचवर आणावा लागतो, हिराकस अल्कलीतही काम करतो. टाकीत हवा सोडणारा ब्लोअर मात्र बंद करायला लावला, नाहीतर तिथे हवाच फेरसचं फेरिक करून टाकते. अर्धा तास स्टरर. पुन्हा जांभळा.

आता हिराकसची गोणी उपसली. वर हिरवे खडे, खाली ओल लागून तपकिरी झालेली ढेकळं. सगळं कालवून २.७८ ग्रॅम घेतलं, पातळ सल्फ्यूरिकमध्ये १०० मिलि केलं, त्यातले २५ मिलि ०.०२ मोलर परमँगनेटने टायट्रेट केले. पाच फेरसला एक परमँगनेट, म्हणजे चोख मालाला २५ मिलि लागायला हवेत. १९ वरच गुलाबी टिकला. माल ७६ टक्के. ४.१७ चे झाले साडेपाच किलो. आणखी १.३ किलो गेला तेव्हा कुठे नमुना जांभळा व्हायचा थांबला.

हिराकस स्वस्त पडतो, हे खरेदीवाल्यांचं लाडकं वाक्य. ते गोणीचा भाव बघतात. मेटाने या टाकीत ५ मोल क्रोम हायड्रॉक्साइड बसतं, सुकं धरून अर्धा किलो. हिराकसने त्यावर १५ मोल फेरिक हायड्रॉक्साइड, १.६ किलो. गाळ चौपट, आणि घातक कचरा म्हणून तो किलोवर पैसे मोजून पाठवायचा.

"मग गोणी रोज तपासायची?" ऑपरेटरने विचारलं. प्रश्न रास्त होता. फोडली की एकदा आणि पावसाळ्यात दर आठवड्याला, असं सांगितलं. टायट्रेशनला लागणारी ब्युरेट, म्हणजे मापाची नळी, मात्र त्यांच्याकडे नाही.