घाटातच बंद पडणारी बुलेट

काकांनी वर्तमानपत्राची पुडी माझ्या कामाच्या फळीवर उलटी केली. आतून तीन-चार कंडेन्सर, म्हणजे ठिणगीच्या जोडणीतले बोटाएवढे डबे, घरंगळत आले. सगळे नवेकोरे दिसत होते, एकावर तर स्टिकरसुद्धा तसाच.

"मिस्त्री, हे सारे याच वर्षात टाकले. टाकला का आठ-पंधरा दिवस गाडी झकास. गावात कुठंई फिरवा, काही नाई. घाट लागला का मरते. थंडी झाली का मंग पुन्हा पहिल्या किकले चालू."

माझं गॅरेज परतवाड्यात आहे, धारणीकडे जाणाऱ्या रस्त्याला. शहर सोडलं की थोड्या वेळात मेळघाटचे डोंगर लागतात. पुढे घटांगला फाटा फुटतो. एक रस्ता चिखलदऱ्याला वर चढतो, दुसरा सेमाडोह, हरिसालवरून धारणीला जातो. त्यामुळे लांबच्या प्रवासाला निघालेल्या गाड्या माझ्याकडे येतात त्या एकतर घाट चढण्याआधी, नाहीतर घाटाने परत पाठवल्यावर. ही दुसऱ्या प्रकारातली होती. आदल्या दिवशी घटांगच्या अलीकडे बंद पडली आणि दोघं नवरा-बायको उतारावरून ती तशीच घरंगळत खाली घेऊन आले. रात्री इथल्याच नातेवाइकांकडे थांबले. दोघंही साठीच्या पुढचे, दर्यापूरकडचे. धारणी, खंडवा करत ओंकारेश्वरला जायचं होतं. गाडीला दोन्ही बाजूंना पत्र्याच्या पेट्या, मागे कॅरिअर, त्यावर वळकटी.

गाडी ऐंशीच्या दशकातली बुलेट ३५०. बिडाचं इंजिन, ७० मिलिमीटरचा बोअर, ९० चा स्ट्रोक, गिअर उजव्या पायात, ब्रेक डाव्या. अशा गाडीत माझा जीव आहे हे लपवत नाही. हिच्यात काय बिघडलं ते हाताने, कानाने आणि एका बल्बच्या वायरने कळतं. नव्या गाड्यांसारखं मशीन जोडायला लागत नाही. फक्त तिचं ऐकून घ्यायला वेळ द्यावा लागतो, आणि तो तिला कुणी दिलेला नव्हता. काकांकडून कळलं की याआधी ठिणगीचा दाब वाढवणारी कॉइल बदलून झाली, कार्बोरेटर नवा बसवून झाला, प्लग तर किती बदलले याचा हिशेबच नाही. कंडेन्सर बदलला की गाडी काही दिवस सुधारते, म्हणून शेवटी सगळे त्याच्यावरच येऊन थांबले.

काकांना वाटलं मी लगेच पाने काढीन. मी काहीच उघडलं नाही. जो बिघाड फक्त घाटात दिसतो तो गॅरेजमध्ये उघडून सापडत नाही, उलट खोलाखोलीत पुरावा जातो. पॉइंटला, म्हणजे ठिणगीसाठी करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या टोकांना, नुसता हात लागला तरी गाडी तेवढ्यापुरती सुधारू शकते. म्हणून आधी बाहेरून पाहिलं. सायलेन्सरचा बेंड पाइप हेडजवळ निळा-जांभळा पडला होता. एवढी उष्णता दोन कारणांनी येते. पेट्रोल कमी आणि हवा जास्त, नाहीतर ठिणगी उशिरा पडणं. प्लग काढून पाहिला तर तो बिस्किटी रंगाचा, म्हणजे पेट्रोल-हवेचं प्रमाण ठीक. मग उरलं टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ.

"टायमिंग तं मागच्याच महिन्यात तपासलं," काका म्हणाले. "बराबर हाय म्हणे."

ते ऐकून मी काकूंकडे वळलो. मागे बसणाऱ्या माणसाला गाडीचं बरंच कळतं, पण त्याला कुणी विचारत नाही. काकू या गाडीवर तिच्या तरुणपणापासून बसत आलेल्या.

"काकू, पहिलेपेक्षा काही फरक वाटते का तुमाले?"

त्या जरा थांबल्या. मग म्हणाल्या, "पहिले यायनं कान पिळला का मागं झटका लागे. म्या कॅरिअर धरत जाव. आता दोनेक वरसं झाले, झटकाच नाई लागत. आवाज वाढते, गाडी नाई वाढत."

याहून चांगली तक्रार मला कुणी आजवर सांगितली नाही. पण तेवढ्यावर काम सुरू करायचं नव्हतं. गाडी मरताना पाहायची होती.

मुद्दाम अकरा वाजता निघालो. एप्रिलचं ऊन, डांबर तापलेलं. पेट्या, वळकटी, सगळं सामान तसंच ठेवलं आणि काकांना मागे बसवलं. सोबत प्लगपाना, फट मोजायचा फिलर गेज, जाड फडकं आणि एक खात्रीचा कंडेन्सर. त्याला मी दोन चिमटीच्या वायरी लावून ठेवलेल्या असतात, म्हणजे काही न खोलता बाहेरून जोडता येतो. जंगलात मोबाइलची रेंज बहुतेक नसते. तेव्हा जे लागेल ते जवळच हवं.

सपाटीवर गाडी गोड चालली. चढण लागली तशी मी तिसऱ्यात ठेवून ओढायला लागलो. काकूंचं म्हणणं अगदी खरं होतं. आवाज वाढायचा, ओढ नाही. इंजिन ठोकत नव्हतं, मिस मारत नव्हतं, नुसतं जड झालं होतं. रस्त्याच्या कडेला मोहाच्या झाडांखालची जमीन जाळून साफ केलेली. पहाटे फुलं वेचून झालेली, तरी वास दरवळत होता. त्या वासात तापलेल्या इंजिनचा वास मिसळायला लागला आणि दोन वळणांनंतर गाडी दोनदा फुरफुरली, बंद पडली.

आता घाई करायची होती. इंजिन थंड होईपर्यंत जेवढा वेळ मिळतो तेवढाच आपला.

आधी टाकीचं झाकण उघडलं. झाकणाचं हवेचं छिद्र बुजलं असेल तर टाकीत पोकळी होऊन पेट्रोल उतरत नाही, आणि तसं असेल तर उघडताना हवा आत ओढल्याचा आवाज येतो. तसा आला नाही. कार्बोरेटरच्या तळाचा स्क्रू सैल केला, पेट्रोल धारेने आलं. पेट्रोलचा विषय संपला. कॉक बंद केला, सांडलेलं पुसून वाळू दिलं, कारण पुढचं काम ठिणगीचं होतं.

मग किक हळूहळू दाबत हेडलाइटच्या डोक्यावरच्या अॅम्मीटरकडे पाहिलं. या गाडीत ही मोठीच सोय आहे. पॉइंट मिटले की काटा डावीकडे सरकतो, उघडले की परत शून्यावर येतो. काटा व्यवस्थित हलत होता. म्हणजे बॅटरीपासून कॉइलमधून पॉइंटपर्यंत करंट येतोय, पॉइंट उघडताहेत, मिटताहेत.

प्लग फडक्याने काढून हेडवर टेकवला, काकांना किक मारायला सांगितली. ठिणगी केशरी, बारीक, दोऱ्यासारखी, तीही मधूनच. पॉइंटचं झाकण काढलं, वर दुपट्ट्याची सावली धरली. पुन्हा किक. प्लगवर जी ठिणगी पडायला हवी होती ती पॉइंटमध्येच पडत होती, चांगली निळी, चटचट.

याचा अर्थ सरळ आहे. पॉइंट उघडताना कॉइलमधला करंट एकदम तुटावा म्हणून कंडेन्सर असतो. तो आतून तुटला की करंट पॉइंटच्या फटीतून उडी मारत राहतो आणि प्लगला जोर मिळत नाही. कंडेन्सर आतल्या आत अर्थ झाला, म्हणजे गाडीच्या अंगाला जोडला गेला, तर उलटं होतं, पॉइंटवर ठिणगीच दिसत नाही, आणि मग तो काढल्याशिवाय दुसरा जोडून उपयोग नसतो. इथे तुटलेला होता, म्हणून चिमटीवाला नुसता बाजूने जोडला. किक. पॉइंट शांत, प्लगवर निळी टणक ठिणगी, कडक आवाज. प्लग बसवला, पहिल्या किकला गाडी चालू.

"म्हंजे कंडेन्सरच ना!" काका जवळजवळ ओरडले.

"कंडेन्सर मेला हे खरं. मारते कोण ते पाहू."

त्यांना आतल्या कंडेन्सरला बोट लावायला सांगितलं. लावलं आणि झटक्यात मागे घेतलं. हा डबा सिलिंडरच्या अगदी मागे, उजव्या बाजूला. गरम हवा त्याच्यावरूनच जाते. सगळ्याच बुलेटमध्ये तो तिथे असतो, पण सगळ्याच बुलेट कंडेन्सर असे भाजत नाहीत.

बाहेर लटकलेल्या कंडेन्सरवर घटांगपर्यंत चढलो. गाडी बंद पडली नाही. पण ओढही आली नाही, दुसऱ्या गिअरवरच चढावं लागलं. कंडेन्सर हा एकटाच दोष असता तर इथे ती मोकळी व्हायला हवी होती. घटांगला चहा सांगितला आणि झाकण पुन्हा काढलं. पॉइंट उघडणारा कॅम बोटांनी धरून फिरायच्या दिशेने पिळला. तो थोडा फिरून स्प्रिंगने परत यायला हवा. जागचा हलला नाही.

म्हणजे अॅडव्हान्स जाम. कॅमखाली दोन छोटी वजनं असतात. इंजिनचा वेग वाढला की ती बाहेर फेकली जातात आणि कॅमला पुढे ढकलतात, त्यामुळे ठिणगी लवकर पडते. वेग कमी असताना ठिणगी उशिरा, म्हणजे किक उलटी मारत नाही. या गाडीची वजनं मिटलेल्या जागीच अडकली होती. म्हणून किक पहिल्या फटक्याला, म्हणून गावात झकास. आणि टायमिंग तपासणाऱ्यांना ते बरोबर दिसलं यातही नवल नाही. पिस्टन वरच्या टोकाला येण्याआधी ०.८ मिलिमीटरला पॉइंट उघडायचे, हे माप बंद गाडीवर, वजनं मिटलेली असतानाच घेतात. ते माप बरोबरच होतं. पुढे वेगात काय होतं हे त्या मापात दिसतच नाही. घाटात ठिणगी उशिरा पडत राहिली की पेट्रोल जळत जळतच बाहेर जातं, ताकद मिळत नाही, हेड आणि बेंड पाइप भाजतात, आणि त्या हवेत बसलेला कंडेन्सर एक दिवस हार मानतो. नवा टाकला की तो नवा भाजायला सुरुवात होते.

खाली आल्यावर पॉइंटची पूर्ण प्लेट काढली, आधी खुणा करून. खाली लालसर भुकटी होती, आणि तिच्यात पांढरे खवले. गंज मी रोज पाहतो. हे पांढरं वेगळं होतं.

"काका, गाडी कशानं धुता?"

"बोरचं पानी. दर रविवारी, पाइप लावून. गाडी अशी चमकते का विचारू नका."

काकू शेजारी बसल्या होत्या. "त्या पान्यात डाळ शिजत नाई आमची," त्या म्हणाल्या, "साबनाले फेस नाई येत."

दर्यापूर म्हणजे पूर्णा नदीचा खारपाणपट्टा. अमरावती, अकोला, बुलडाणा या तीन जिल्ह्यांतून जाणाऱ्या या पट्ट्यातलं जमिनीखालचं पाणी खारट. पिण्याच्या पाण्यासाठी, ओलितासाठी तिथल्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या जे सोसलं ते आपण सगळे जाणतो. तेच पाणी पाइपच्या जोराने झाकणाच्या फटीतून आत जात होतं आणि इंजिनच्या उष्णतेने वाळून मीठ मागे ठेवत होतं. गाडीवर जीव लावून धुणाऱ्या माणसाला यात काय दोष द्यायचा.

कॅम घासलेटमध्ये भिजत ठेवला, हलक्या हाताने थोडं थोडं फिरवत सोडवला. ओढून काढला तर आतला दांडा वाकतो, म्हणून संध्याकाळ त्यातच गेली. दांड्याला ६०० नंबरचा पॉलिश पेपर, मग तेलाचं बोट. स्प्रिंगा शाबूत होत्या. कॅमला तेल पाजणारा फेल्टचा तुकडा लाकडासारखा कडक झालेला, तो बदलला. पॉइंट नवे, त्यांच्यातली फट म्हणजे गॅप ०.३८ मिलिमीटर. टायमिंग पुन्हा ०.८ वरच. कंडेन्सर मात्र मी जुन्या जागी बसवला नाही. ०.२ मायक्रोफॅरडच्या आसपासचा चांगला कंडेन्सर कॉइलजवळ, हवेशीर जागी लावला. त्याची वायर कॉइलच्या पॉइंटकडच्या टोकाला, अंग फ्रेमला घासून अर्थ. विजेला जागेचं काही नसतं, उष्णतेला असतं.

सकाळी दोघांनाही गाडीवर बसवून घाटात एक चक्कर मारून यायला सांगितलं. परत आले तेव्हा काका काही बोलायच्या आत काकूच उतरून म्हणाल्या, "धरून बसा लागलं!"

निघताना काकांना दोन गोष्टी सांगितल्या. पॉइंटच्या झाकणाला रबराची नवी रिंग टाकली आहे, तरी त्या भागावर पाइप धरायचा नाही, ओल्या फडक्याने पुसायचं. आणि नव्या पॉइंटची टाच सुरुवातीला घासते, गॅप कमी होतो, म्हणून येताना याच रस्त्याने या. ते आले. गॅप ०.३० वर आला होता, तो पुन्हा ०.३८ केला. बेंड पाइपचा निळेपणा गेला नाही, तो जातही नाही, पण पुढे पसरला नव्हता. काकूंनी ओंकारेश्वरचा प्रसाद दिला आणि काकांनी मागितलेली वस्तू मी शोधून दिली, एक जुना फिलर गेज, त्यांच्या डिकीत ठेवायला.