मंडळाची थरारपटाची रात्र

आमच्या चित्रपट मंडळाचं वार्षिक संमेलन जानेवारीत असायचं. अहवाल, हिशेब, पाहुण्यांचं भाषण हे सगळं शनिवारी दुपारी उरकायचं आणि रात्री पिठलं-भाकरी खाऊन आशियाई थरारपट बघायचा. दुपारी पुढच्या दोन रांगासुद्धा भरत नसत, रात्री मात्र सतरंज्या अंथराव्या लागत. नियम एकच: आधी बघितलेल्यानं तोंड उघडायचं नाही. उघडलं तर सगळ्यांचा चहा त्याच्याकडून.

एका वर्षी जपानी दिग्दर्शक कुरोसावाचा 'हाय अँड लो' लावला. 1963 चा, कृष्णधवल. बूट-कंपनीतल्या बड्या साहेबाचा मुलगा समजून त्याच्या ड्रायव्हरचा मुलगा पळवला जातो. तरीही खंडणी द्यायची का? सुरुवातीचा बराच वेळ कॅमेरा दिवाणखान्यातून हलत नाही, तेव्हा मागून "नाटक लावलंय का?" अशी कुजबुज झालीच. पण पुढे एका धुराड्यातून गुलाबी धूर निघाला आणि तोच आवाज "आयला, रंग!" म्हणून ओरडला. हाँगकाँगचा 'इन्फर्नल अफेअर्स' तर तरुण पोरांनी लागोपाठ दोन संमेलनांत मागून घेतला.

माझ्या मनात घर करून बसलाय तो मात्र बाँग जून-हो यांचा 'मेमरीज ऑफ मर्डर'. दक्षिण कोरियात ह्वासाँग भागात 1986 ते 1991 दरम्यान झालेल्या बायकांच्या खुनांवरचा, 2003 चा सिनेमा. त्यात शेताच्या कडेला प्रेत सापडतं, बघ्यांची जत्रा जमते, पोरं हुंदडतात आणि पायाचा ठसा जपायला तपासनीस घसा फोडत असताना ट्रॅक्टर त्यावरूनच जातो. हॉल खदखदून हसला. आमच्यातले निवृत्त फौजदार तेवढे हसले नाहीत. "पंचनाम्याआधी गर्दीच पोचते, सगळीकडे," एवढंच म्हणाले. पुढे तेच पोलीस एका भोळसट पोराचा बूट घेऊन चिखलात खोटा ठसा उठवतात, तेव्हा कोणीच हसलं नाही. चांगला थरारपट असा बेसावध पकडतो. खुनी कोण हे कळायच्या आत आपण कशाला हसलो तेच टोचायला लागतं.

सिनेमा निघाला तेव्हा खुनी सापडलेला नव्हता. शेवटी डिटेक्टिव्हच्या भूमिकेतला साँग कांग-हो सरळ आपल्याकडे बघतो, कारण खुनी प्रेक्षकांत बसलेला असू शकतो. त्या रात्री वाद घालता घालता भांडी घासायची राहिली आणि सकाळी आचारीबाईंनी सगळ्यांना फैलावर घेतलं.

मग 2019 मध्ये डीएनएवरून खुनी कळला. तो दुसऱ्या एका खुनासाठी 1994 पासून तुरुंगातच होता. त्यानंतरच्या संमेलनात सिनेमा पुन्हा लावला. "आता शेवटाची गंमत गेली," असं काहींचं म्हणणं. मला ते साफ नामंजूर. मला तर ती नजर आता जास्त टोकदार वाटली. फौजदारांचा प्रश्न वेगळाच होता: "आठव्या खुनात भलत्यालाच वीस वर्षं आत टाकला, त्याचं काय?"

डिसेंबर 2020 मध्ये तो माणूस निर्दोष ठरल्याची बातमी फौजदारांनीच ग्रुपवर टाकली. खाली मागणी होती, जानेवारीत हाच सिनेमा तिसऱ्यांदा लावा. सेक्रेटरींचं उत्तर आलं, "आधी कोरोनात हॉल मिळतो का बघा!"